यादीतलं नाव : अटलांटातले सात दिवस

मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४

अटलांटाच्या विमानतळाला दोन माणसांची नावं आहेत, हार्ट्सफील्ड आणि जॅक्सन. उतरताना मी पाटी वाचली आणि पुढे निघाले. या दोन नावांचा एकमेकांशी काय संबंध, ते कळायला गुरुवार उजाडावा लागला.

लेक घ्यायला आली होती. बाहेर पडताच हवेत पोहण्याच्या तलावासारखा वास आला. शहराच्या पूर्वेला कॉन्यर्स गावात रविवारी केमिकलच्या कारखान्याला आग लागली होती, त्याचा क्लोरीन वाऱ्याबरोबर इथवर आला होता. त्याआधी तीनच दिवस हेलेन चक्रीवादळाचा पाऊस झोडपून गेलेला. गाडीत रेडिओवर मात्र एकच बातमी होती. याच राज्यातल्या प्लेन्स गावी राहणारे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आज शंभर वर्षांचे झाले. नोव्हेंबरमध्ये मत देण्यापर्यंत जगायचंय, असं ते म्हणाल्याचं त्यांच्या नातवानं सांगितलं होतं. लेक म्हणाली, "आई, मीही त्याच यादीत आहे." दोन वर्षांपूर्वी ती इथली नागरिक झाली. राष्ट्राध्यक्षपदासाठी ती यंदा पहिल्यांदाच मत देणार आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. नोकरीची शेवटची अकरा वर्षं पाथर्डी तालुक्यात बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदारयादी नीट ठेवण्याचं काम केलं. नाव घालायचं असेल तर फॉर्म ६, वगळायचं तर ७, दुरुस्तीला ८. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. त्यामुळे इथली यादी कशी तयार होते, हे मला बघायचंच होतं.

बुधवार, २ ऑक्टोबर

लेक डिकेटरला राहते. तिच्या शेजारी एक कृष्णवर्णीय बाई आहेत. वय बहात्तर. अटलांटाच्या सरकारी शाळांत त्यांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. आपल्याकडे शिक्षिकेला 'बाई'च म्हणतात, म्हणून मीही त्यांना मनातल्या मनात बाई म्हणू लागले आणि दोन दिवसांत तोंडावरही. अर्थ सांगितला तर त्यांना तो फार आवडला.

बाई डेल्टा सिग्मा थीटा या संघटनेच्या आहेत. ही शिकलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची संघटना १९१३ साली हॉवर्ड विद्यापीठातल्या बावीस विद्यार्थिनींनी काढली. संघटनेचं पहिलं सार्वजनिक काम म्हणजे त्याच वर्षी ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालणं. बाईंच्या जेवणाच्या टेबलावर वीसेक क्लिपबोर्ड मांडलेले होते. प्रत्येकाला दोऱ्यानं पेन बांधलेलं. मी म्हटलं, "आमच्याकडे पण पेन बांधूनच ठेवतात." त्या हसल्या. "पेन सगळीकडेच चोरीला जातं."

इथली पद्धत समजून घेताना माझी दुपार गेली. आपल्याकडे घरोघरी जायची जबाबदारी सरकारची आहे. सरकारनं पाठवलेली माझ्यासारखी बाई दाराशी येऊन विचारते, घरात अठरा पूर्ण झालेलं कोण आहे? इथे कुणी येत नाही. नाव आपण होऊन घालायचं. जॉर्जियात वाहन परवाना काढताना नोंदणी आपोआप होते, ही सोय चांगलीच आहे. पण ज्याच्याकडे गाडीच नाही, जो दर वर्षी भाड्याचं घर बदलतो, तो मागे राहतो आणि शहरातल्या गरीब वस्त्यांत अशी माणसं फार. यंदाच्या निवडणुकीसाठी नोंदणीची शेवटची तारीख सोमवार, ७ ऑक्टोबर. मतदानाच्या तब्बल एकोणतीस दिवस आधी दार बंद.

नाव एकदा घातलं की ते राहतंच असंही नाही. पाच वर्षं मत दिलं नाही, कार्यालयाशी पत्रव्यवहार झाला नाही, तर घरच्या पत्त्यावर सूचनेचं कार्ड येतं. उत्तर गेलं नाही तर नाव निष्क्रिय होतं. त्यानंतरच्या दोन सार्वत्रिक निवडणुका चुकल्या की खोडलं जातं. २०१७ च्या जुलैत जॉर्जियाच्या यादीतून एका फटक्यात पाच लाखांवर नावं गेली. त्यांत मेलेल्यांची आणि राज्य सोडून गेलेल्यांची होती, तशीच निव्वळ बरीच वर्षं मत दिलं नाही म्हणून गेलेलीही लाखभर होती. २०२१ च्या कायद्यानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. कुणीही मतदार आपल्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, हव्या तितक्या मतदारांच्या नावांवर हरकत घेऊ शकतो. आमच्या फॉर्म ७ सारखंच हे, पण गठ्ठ्यानं.

मी परदेशी नागरिक. कुणाच्या फॉर्मला हात लावायचा नाही, कुणाला मत द्या असं चुकूनही बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. खुर्च्या उचलणं आणि पाणी वाटणं माझ्याकडे आलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज घटस्थापना. लेकीनं परडीत माती घेऊन गहू पेरले, पहिली माळ झेंडूची बांधली. व्हॉट्सॲपवर सकाळीच मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे संदेश येऊन पडले होते. ते वाचत वाचत बाईंबरोबर ऑबर्न ॲव्हेन्यूला गेले.

मार्टिन लूथर किंग इथेच जन्मले आणि इथेच त्यांची समाधी आहे, निळ्या पाण्याच्या मधोमध. आवारात गांधीजींचा पुतळा आहे. किंग १९५९ मध्ये मुंबईत आले तेव्हा मणिभवनात राहिले होते, हे मी बाईंना सांगितलं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली, हेही सांगितलं. त्यांनी मला वर्ष पुन्हा विचारलं आणि आपल्या डायरीत लिहून घेतलं.

पण बाईंना मला दाखवायचा होता तो दुसराच माणूस. महामार्गानं हा रस्ता मधोमध कापलाय, तिथे जवळच एका चौकात काशाचा भलामोठा मुखवटा उभा आहे, जॉन वेस्ली डॉब्ज यांचा. मुखवटा मागून पोकळ आहे. मागे जाऊन उभं राहिलं की त्यांच्या डोळ्यांच्या खोबणीतून समोरचा रस्ता दिसतो. मी उभी राहिले. समोर ट्राम गेली. काठी टेकत एक म्हातारा रस्ता ओलांडत होता.

डॉब्ज रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून होते. सहा मुली, सहाही पदवीधर. 'पुस्तक, मतपत्रिका आणि पैसा' या तीन गोष्टींनी आपला समाज उभा राहील, हे त्यांचं आयुष्यभराचं सांगणं. १९४६ पर्यंत जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांनाच मत देता येई आणि खरा निकाल तिथेच लागे. न्यायालयानं ते मोडलं, आणि अटलांटात लोक कामाला लागले. इतिहासाचे प्राध्यापक क्लॅरेन्स बेकोट यांच्या पुढाकारानं शहराचे भाग पाडले, गल्लीगल्लीला कार्यकर्ता नेमला आणि ५१ दिवसांत सुमारे १८ हजार नवी नावं चढवली. त्याआधी यादीत सात हजारही कृष्णवर्णीय नव्हते. गल्लीवार कार्यकर्ता म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दोनच वर्षांत, १९४८ मध्ये, शहराला पहिले आठ कृष्णवर्णीय पोलीस मिळाले. तेही कसे? पोलीस ठाण्यात जागा नाही, वायएमसीएच्या तळघरात बसायचं. गोऱ्या माणसाला अटक करायची नाही. घरी जाताना गणवेश उतरवून जायचं. तरी मिळाले. पुढच्या वर्षी ऑबर्न ॲव्हेन्यूवर रस्त्याचे दिवे लागले. तेव्हाचे महापौर होते विल्यम हार्ट्सफील्ड. पोलीस मागायला आलेल्यांना ते म्हणाले होते, दहा हजार मतं घेऊन या मग बोलू, असं इथले लोक अजून सांगतात. आणि १९७३ मध्ये डॉब्ज यांचा नातू मेनार्ड जॅक्सन अटलांटाचा पहिला कृष्णवर्णीय महापौर निवडून आला. विमानतळाच्या कामांत कृष्णवर्णीय कंत्राटदारांना वाटा मिळालाच पाहिजे, यावर तो अडून बसला.

म्हणजे पाटीवर आधी मागणी ऐकणारा महापौर आहे आणि शेजारी मागणी करणाऱ्याचा नातू. बाई म्हणाल्या, "माझ्या विद्यार्थ्यांना मी हे गणित म्हणूनच शिकवायची."

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला निघालो. शेजारच्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी अडीच तासांवर, तिथून सेल्मा आणखी तासभर. वाटेत घड्याळ एक तास मागे करावं लागतं.

मॉन्टगोमेरीला आम्ही फार थांबलो नाही. रोझा पार्क्स यांचं बसमधलं न उठणं आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. पण त्याच्या दहा-बारा वर्षं आधी त्या मतदार म्हणून नाव घालायला गेल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. दोनदा नाकारलं, तिसऱ्या वेळी १९४५ मध्ये नाव लागलं. आणि नाव लागल्यावर मागच्या सगळ्या वर्षांचा मतदान-कर भरावा लागला. वर्षाला दीड डॉलर, एकूण साडेसोळा. शिवणकाम करणाऱ्या बाईला साडेसोळा डॉलर म्हणजे किती आठवड्यांचं पोट, याचा हिशेब बाई गाडी चालवता चालवता करत होत्या.

सेल्मा छोटं गाव. दुकानं बरीच बंद. २०२३ च्या जानेवारीत टोर्नेडोनं उडवलेल्या छपरांच्या खुणा अजून दिसतात. एडमंड पेटस पुलावरून आम्ही चालत गेलो. पूल मधे उंच आहे, त्यामुळे अर्ध्यावर पोहोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला मताधिकारासाठी मोर्चानं निघालेली सहाशे माणसं या चढावर आली आणि वर पोहोचल्यावरच त्यांना खाली उभे असलेले घोडे आणि लाठ्या दिसल्या. मी माथ्यावर थांबले. खाली अलाबामा नदी, मातकट आणि संथ.

पण माझा जीव अडकला तो लॉडरडेल स्ट्रीटवरच्या न्यायालयाच्या पायऱ्यांशी. या काउंटीत तेव्हा मताधिकाराच्या वयाचे सुमारे १५ हजार कृष्णवर्णीय होते आणि यादीत जेमतेम तीनशे. नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडं. रांग लावायची, परीक्षेला बसायचं आणि नापास होऊन परत जायचं. २२ जानेवारी १९६५ ला दुपारी शाळा सुटल्यावर शंभरावर कृष्णवर्णीय शिक्षक रांगेनं या पायऱ्यांपर्यंत चालत आले. पुढे रेव्हरंड एफ. डी. रीस, स्वतः शिक्षकच. बायका चांगले कपडे, टोप्या आणि हातमोजे घालून आलेल्या. काहींनी हातात दात घासायचा ब्रश धरलेला, कारण तुरुंगात रात्र काढायची तयारी होती.

त्यांची नोकरी गोऱ्यांच्या शाळा मंडळाच्या हाती. एका सहीनं घर बसलं असतं. शेरीफनं पायऱ्यांवरून दंडुक्यानं ढोसून खाली ढकललं, ते पुन्हा चढले. पुन्हा ढकललं, पुन्हा चढले. अटक झाली नाही, नोंदणीही झाली नाही. तिथून ब्राउन चॅपल या चर्चमध्ये आले तर त्यांचे विद्यार्थी वाट बघत होते. 'तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्र शिकवता आणि स्वतःला मत नाही', असं मनात धरून बसलेली पोरं त्या संध्याकाळी आनंदानं ओरडत होती. त्यानंतर गावातले अंत्यविधी करणारे निघाले, मग केस करणाऱ्या बायका निघाल्या. त्याच ऑगस्टच्या ६ तारखेला मताधिकाराचा कायदा झाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातला महत्त्वाचा दात काढला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागायची, ती लागेनाशी झाली.

मी पायरीवर बसले. निवडणूक ड्यूटी लागली की आम्ही शिक्षक कुरकुर करतो आणि ती रास्तही असते. पण रीससर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या टेबलापर्यंत पोहोचायलाच दंडुके खावे लागले होते.

परतताना गाडीत मी बाईंना एक गोष्ट सांगितली, जी मी आजवर घरातही नीट सांगितलेली नाही. आमच्या भागातली अर्धी घरं ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की कुलूप, ते उन्हाळ्याच्या तोंडाला उघडतं. एका वर्षी जानेवारीत यादी तपासताना मी एका वस्तीवरच्या बंद घरापुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारला. नोटीस गेली ती कुलपाखाली सरकवली गेली. मतदानाच्या दिवशी त्या घरातली बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं ओळखपत्र घेऊन आली. यादीत नाव नाही. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मी तर हितलीच हाये की."

बाईंनी थोडा वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "पुढे काय केलंत?"

"फॉर्म ६ भरून घेतला. आणि त्यानंतर दर वर्षी दिवाळीच्या आधी, कोयते निघायच्या आत यादी घेऊन वस्तीवर जायला लागले."

"दिवाळीच्या आधी," त्यांनी मान डोलावली. "बरोबर. माणूस कधी घरात असतो ते आधी शिकावं लागतं."

शनिवार, ५ ऑक्टोबर

म्हणूनच आज केशकर्तनालय. वेस्ट एंड भागातलं, सहा खुर्च्यांचं. शनिवारी दुपारी पुरुष कुठे सापडतील, तर इथे. टीव्हीवर जॉर्जिया विरुद्ध ऑबर्न फुटबॉल, मशीनची घरघर, पावडरचा वास. न्हावी आणि केस करणाऱ्या बायका या चळवळीत सुरुवातीपासून का दिसतात, हे बाईंनी एका वाक्यात सांगितलं. त्यांचं गिऱ्हाईक आपलंच असे, त्यामुळे त्यांना कामावरून काढायला कुणी गोरा मालक नव्हता. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेची नोकरी चळवळीत असल्यामुळे १९५६ मध्ये गेली. त्यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर प्रौढांना वाचायला आणि मतदार व्हायला शिकवणारा पहिला वर्ग १९५७ मध्ये उघडला, तेव्हा वर्गावर शिकवायला घेतली ती त्यांच्या नात्यातली बर्निस रॉबिन्सन, केस करणारी. पुढे किराणा दुकान, मागे वर्ग. सावित्रीबाईंच्या गावची मी, मला त्या दुकानाचं मागचं दार डोळ्यांपुढे दिसलं.

तिसऱ्या खुर्चीत पंचावन्नच्या आसपासचा एक माणूस होता. अर्धी दाढी झालेली. बाईंनी विचारल्यावर तो आरशातूनच म्हणाला, "मला नाही देता येत. मी आत जाऊन आलोय."

"पेपर संपले का?" बाईंनी विचारलं. शिक्षा आणि त्यानंतरची देखरेख, दोन्ही पूर्ण होण्याला इथे असंच म्हणतात.

"२०१६ लाच."

"मग आठ वर्षं झाली, तुम्ही मत देऊ शकता. फक्त नाव पुन्हा घालायचं."

न्हाव्यानं मशीन बंद केलं. त्या माणसानं खुर्ची वळवून पहिल्यांदा बाईंकडे सरळ पाहिलं. "कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. जॉर्जियात शिक्षा पुरती भोगून झाली की हक्क परत येतो, अर्ज करावा लागत नाही. पण हे सांगायला घरी कुणी येत नाही. गळ्यातलं कापड न काढताच त्यानं क्लिपबोर्ड मांडीवर घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक. कागदावर पांढरे-काळे केस पडत होते आणि दर ओळीनंतर तो ते फुंकून उडवत होता. सहीच्या जागी आल्यावर त्यानं शपथेचा मजकूर ओठ हलवत सगळा वाचला, मग सावकाश सही केली. न्हावी मशीन हातात धरून तोवर उभाच होता.

सगळेच भरत नाहीत. भिंतीशी बसलेला विशीतला मुलगा म्हणाला, "माझ्या आजीनं प्रत्येक वेळी मत दिलं. तिचं घर गेलंच." भाडी वाढली, कर वाढला, जुनी घरं गेली. बाईंनी वाद घातला नाही. शेरीफ आणि जिल्हा सरकारी वकील हेही याच मतपत्रिकेवर आहेत, तुझ्या मित्रांना कोण पकडतं आणि कोण सोडतं ते तिथे ठरतं, एवढं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. फॉर्म घेतला नाही.

परतताना ॲशबी स्टेशनवर उतरलो. ॲशबी स्ट्रीटला आता नागरी हक्क चळवळीतले नेते जोसेफ लोवरी यांचं नाव आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत एका पोटनिवडणुकीत सगळीकडची मोजणी झाली आणि शेवटी इथल्या, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या केंद्राच्या मतांनी हेलन मॅनकिन निवडून आल्या. विरोधक त्यांना हिणवून 'ॲशबी स्ट्रीटची सुंदरी' म्हणत. त्याच उन्हाळ्यात टेलर काउंटीत मेसिओ स्नाइप्स या युद्धावरून परतलेल्या जवानानं मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात येऊन त्याला गोळ्या घातल्या. आणि त्याच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे द्यायच्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली होती. डु बॉइस यांनी जिथे अनेक वर्षं शिकवलं, ते अटलांटा विद्यापीठ या स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. मी बाईंना सांगितलं, तेव्हा त्या तिथेच थांबल्या आणि पुन्हा डायरी काढली.

रविवार, ६ ऑक्टोबर

बाईंच्या चर्चमध्ये. पाद्री एवढंच म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. आपापल्या घरातल्यांची नावं बघून घ्या." पक्षाचं नाव नाही. बाहेरच्या टेबलावर बहुतेकांनी मोबाइलवरच आपली नोंद तपासली. एका आजींचं नाव निष्क्रियमध्ये निघालं. पंचवीस वर्षं त्याच घरात राहतात, आजारपणात मागच्या काही निवडणुका चुकल्या होत्या. त्यांचा नातू त्यांना खुर्चीवर बसवून कागद भरत होता आणि त्या दर ओळीला विचारत होत्या, "हे नक्की माझंच ना?"

सोमवार, ७ ऑक्टोबर

पाचवी माळ. परडीत गहू दोन बोटं वर आलेत.

दुपारी तीनपासून दक्षिण-पश्चिम अटलांटातल्या भाड्याच्या इमारतींत. बाईंनी वेळ मुद्दाम ही घेतली. रात्रपाळीवाले उठलेले असतात, दिवसपाळीवाले यायला लागतात. त्या आणि त्यांच्या चौघी मैत्रिणी लाल टीशर्टमध्ये, मी पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे. चौदा दारं उघडली नाहीत. एका दारातून कुत्रा भुंकला. एकीनं दार न उघडताच आतून सांगितलं, "झालंय माझं, देव भलं करो."

शेवटचं दार तिसऱ्या मजल्यावर. रुग्णांची देखभाल करणारी बाई, तिशीची, कामाचे कपडे अंगात, एका पायात बूट. सव्वापाचला तिची बस. नाव आहे, पण जुन्या काउंटीत. दोन वर्षांत तीन घरं बदलली. सूचनेचं कार्ड आलं असेल तर ते पहिल्या घरी. बाई तिला काय करायचं ते सांगत होत्या आणि ती जिन्यात बसून एका हातानं बूट चढवत, दुसऱ्या हातानं लिहीत होती. बाईंनी पत्त्याची ओळ दोनदा वाचून दाखवली, घराचा क्रमांक, मग इमारतीचं अक्षर. अक्षर राहिलं होतं. तिनं ते घातलं, क्लिपबोर्ड परत दिला आणि जिना उतरत खालून ओरडली, "येईल ना ते वेळेत?"

"मी स्वतः नेऊन देतेय," बाई वरून म्हणाल्या.

गाडीत त्यांनी सगळे फॉर्म मोजले. नऊ. पाकिटात घातले, पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि गाडी काउंटीच्या कार्यालयाकडे घेतली. पाकीट बंद होतं, तरी मी ते दोन्ही हातांनी धरून बसले होते.